मनाचं शेवटी विचारू नका : पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहरातले सर्व अस्थिरोगतज्ज्ञ, मणक्यांचे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे छापायला जाण्याआधी लोकांच्या चुका काढणारी बाई. सव्वीस वर्षं सदाशिव पेठेत हे काम करतेय, त्यातली शेवटची तीन मानेच्या दुखण्यासकट. या तीन वर्षांत तुमच्यापैकी चौघांकडे जाऊन आले. नावं लिहिणार नाही, कारण भांडण कुणा एकाशी नाही. चौघंही आपल्या विद्येत पक्के होते आणि चौघांच्या हातून चूक मात्र एकच झाली. चूक दिसली की समासात खूण करायची मला सवय आहे. हे पत्र तशीच एक खूण समजा.

दुखणं सुरू झालं ऑगस्टमध्ये, दिवाळी अंकांच्या हंगामात. त्या दिवसांत प्रुफांचे गठ्ठे येतात आणि प्रत्येकाला ते कालच हवे असतात. ‘मान मोडून काम करणं’ हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा तपासला असेल, त्या वर्षी त्याचा अर्थ कळला. आधी उजव्या खांद्यामागे ठणका लागला. मग तो दंडातून खाली उतरला आणि अंगठ्याला नि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. कोथरूडहून पेठेत येताना कर्वे रोडवरचा प्रत्येक स्पीडब्रेकर मला पाठ झाला. नळ स्टॉपला उजवीकडे मागे बघायचं तर अख्खं धड वळवावं लागे. हेल्मेट मी पुणेकर असूनही घालते, पण ते किलोभराचं ओझं तेव्हा कुणीतरी डोक्यावर पाटा ठेवावा तसं वाटायचं.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे झाला, दुसऱ्यात एमआरआय. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, “पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी फुगलीये, नस दबतीये. मणके झिजलेत. मान जपा.” पट्टा, गोळ्या, पुढे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. तीन मिनिटांत मी बाहेर.

‘झिजलेत’ हा शब्द मी घरी घेऊन आले. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला शब्द जरा जास्तच लागतात. सहाण झिजते, देवळाची पायरी झिजते, चपलेचा तळ झिजतो. यातलं काहीही पुन्हा भरून येत नाही. म्हणजे आता प्रत्येक हालचालीनं आपली मान थोडी थोडी संपत जाणार, असा हिशेब मी केला आणि तो मला कुणी खोडून दिला नाही. मग मी मान जपली. इतकी जपली की पोळ्या लाटणं सोडलं, दोरीवर कपडे वाळत घालणं सोडलं, नहाताना केस पुढे घेणं सोडलं. गणपतीत आमच्याकडे एकवीस उकडीचे मोदक होतात. त्या वर्षी ते विकत आणले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त पुडा पुन्हा एकदा उघडून पाहिला. सहा आठवडे पट्टा लावून बसले. पट्टा जास्त दिवस लावला की मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात, हे मला पुढं फार उशिरा समजलं.

हेही उशिराच समजलं की २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी पाहणीत काहीही दुखत नसलेल्या १२११ माणसांच्या मानेचे एमआरआय काढले होते आणि त्यातल्या ८७.६ टक्के जणांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या होत्या. पुढे एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला हे एका वाक्यात सांगितलं : “काकू, केस पांढरे होतात ना, तसंच आहे हे, फक्त आतून.” माझी नस दबत होती, दुखणं खरं होतं, हाताला मुंग्या येत होत्या. पण ‘झिजलेत’च्या शेजारी हे एक वाक्य त्याच दिवशी ठेवलं असतं तर निदान मोदक घरी झाले असते.

आता मूळ मुद्द्यावर येते.

मानेबरोबर माझं आणखी काहीतरी बिघडत होतं, आणि ते मला सांगता येत नव्हतं. रात्री तीनला जाग यायची. उशी काढायची, टॉवेलची गुंडाळी मानेखाली घ्यायची, ती काढून पुन्हा उशी घ्यायची. खाली रस्त्यावर दुधाचा टेम्पो येईपर्यंत हा खेळ चालायचा. नवऱ्यानं “कसं वाटतंय?” विचारलं तरी राग यायचा आणि नाही विचारलं तरी यायचा. मैत्रिणींबरोबर भरत नाट्य मंदिरात नाटकाला जायचं मी आधी मानेमुळे टाळलं, नंतर मान बरी असली तरी टाळलं. ‘दिसत तर काही नाहीये तुला’ हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की पट्ट्याची गरज नसतानाही मी तो लग्नाकार्यात लावून जायला लागले. लोकांना दिसावं म्हणून. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

मग ती स्मरणिका आली. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची होती. मुखपृष्ठाचं शेवटचं प्रूफ मी पाहिलं, सही केली, छापून आलं. वर मोठ्या ठळक अक्षरांत ‘मरणिका’. आधीचा अर्धा ‘स’ कुठंतरी गळला होता आणि मला तो दिसला नव्हता. पाचशे प्रतींची मुखपृष्ठं पुन्हा छापावी लागली. छपाईखान्यातले सगळे हसले, मीही हसले. घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सव्वीस वर्षांत वेलांटी चुकू दिली नव्हती. मला वाटलं, आता मणक्यांनंतर हेही झिजायला लागलं.

तिसऱ्या डॉक्टरांनी रात्री झोपताना घ्यायला एक छोटी गोळी दिली. अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. “नसेसाठी आहे, आठवडाभरात फरक वाटेल,” एवढंच म्हणाले. चौथ्या रात्री पुतणीनं मोबाइलवर नाव टाकून पाहिलं आणि म्हणाली, “काकू, ही तर डिप्रेशनची गोळी आहे.” डॉक्टर, त्या क्षणी मला काय वाटलं ते तुम्हाला नीट सांगायचंय. माझा विश्वासघात झाला असं वाटलं. म्हणजे यांना वाटतंय की हे सगळं माझ्या डोक्यात आहे, आणि ते माझ्या तोंडावर सांगायचं सोडून चिठ्ठीत लपवून दिलंय! मी गोळी बंद केली. न विचारता बंद केली, ही माझी चूक.

ही गोळी नैराश्यावर देतात तेव्हा तिचा डोस याच्या कितीतरी पट असतो. इतक्या कमी प्रमाणात ती नसेच्या दुखण्यावर चालते. तेही अशा कारणानं, की मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणारे काही संदेश दुखणं दाबून धरतात आणि ज्या रसायनांवर ते चालतात त्यातली काही मनःस्थितीशीही जोडलेली आहेत. हे मी नंतर वाचलं आणि थक्क झाले. म्हणजे मान आणि मन यांच्यामधली ही वाट तुमच्या शास्त्राला चांगली ठाऊक आहे, तुमच्या चिठ्ठीलाही ठाऊक आहे. फक्त तुमच्या तोंडून ती कधी बाहेर पडत नाही.

चौथ्या डॉक्टरांच्या तोंडून पडली. पण केव्हा, ते ऐका. त्यांनी मान वळवून पाहिली, कोपरावर हातोडी मारली, बोटं फाकवून ताकद पाहिली, बटणं लावता येतात का, चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा आहे का, सगळं विचारलं. फार नीट तपासलं त्यांनी. रिपोर्ट पुन्हा पाहिला. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “रिपोर्टच्या मानानं तुमचं दुखणं जास्त वाटतंय. घरी काही टेन्शन वगैरे?”

मी म्हटलं, “नाही.”

खोटं बोलले. त्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही बोलला असता. सगळं तपासून झाल्यावर, हाती काही न लागल्यावर हा प्रश्न आला की त्याचा आमच्या कानाला ऐकू येणारा अर्थ असतो : बाई, तुमचं दुखणं खरं नाही. मराठीत ‘मनाचं आहे’ याचा अर्थच ‘नसलेलं आहे’ असा होतो. आमच्या पिढीच्या पुण्यात तर येरवडा म्हटलं की दोनच गोष्टी आठवायच्या, तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ. लहानपणी हट्ट केला की आई म्हणायची, “येरवड्याला पोचवीन हं.” ते कानात असलेली बाई चौथ्या डॉक्टरसमोर टेन्शन कबूल करेल कशी?

आता ती फिजिओथेरपिस्ट मुलगी. चौथ्या डॉक्टरांनीच तिच्याकडे पाठवलं, हे त्यांचं ऋण. तिनं पहिल्या दिवशी शेक दिला नाही की ट्रॅक्शन लावलं नाही. एक कागद काढला. नेक डिसॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे मानेमुळे रोजचं जगणं किती अडतं ते मोजणारा. हॉवर्ड व्हर्नन यांच्या पुढाकारानं तयार झालेली आणि १९९१मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली तुम्हाला सांगायला नको. दहा प्रश्न, प्रत्येकाला सहा उत्तरं, शून्य ते पाच गुण, एकूण ५०. कागद इंग्रजी होता. ती एकेक ओळ मराठीत सांगत होती आणि मी उत्तर देत होते. दुखणं किती आहे. अंघोळ, कपडे आपले आपण जमतात का. वजन. वाचन. डोकेदुखी. लक्ष लागणं. काम. गाडी चालवणं. झोप. करमणूक. वाचनाच्या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबले, कारण ज्याच्यावर घर चालतं ते ‘वाचन’ मध्ये धरायचं की ‘काम’ मध्ये, ते कळेना. झोपेच्या प्रश्नाला मला रडू आलं. तिनं टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि काही न बोलता थांबली.

बेरीज २७ आली. “२५च्या पुढे तीव्र धरतात,” ती म्हणाली. ‘डिसॅबिलिटी’ हा शब्द स्वतःच्या बाबतीत मी तिथं पहिल्यांदा ऐकला. मला त्याचं दडपण यायला हवं होतं, उलट हलकं वाटलं. कुणीतरी मोजलं होतं. (२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. माझं प्रकरण त्यात बसण्यासारखं नाही, आणि मी ते मागतही नाहीये. जे मोजलंच जात नाही ते असतं हेही कुणी मानत नाही, एवढंच म्हणतेय.)

कागद परत देताना माझ्यातली मुद्रितशोधक जागी झाली. मी म्हटलं, “यात एक प्रश्न गळलाय.” दहाही प्रश्न पुन्हा वाचा. मी काय करू शकत नाही, ते सगळं आहे. मला कसं वाटतंय, ते कुठंच नाही. तिनं मान्य केलं. म्हणाली, “म्हणून मी तो वेगळा विचारते, पण पहिल्याच दिवशी.” आणि विचारलाही : “दुखणं सुरू झाल्यापासून मन कशात रमतं का?”

सगळी चूक, सगळी दुरुस्ती त्या ‘पहिल्याच दिवशी’मध्ये आहे. हातातली ताकद तपासता त्याच बैठकीत, त्याच स्वरात, रिपोर्ट यायच्या आधी हा प्रश्न आला तर ती तपासणी असते. रिपोर्टनंतर आला तर तो आरोप होतो.

शास्त्र माझ्या बाजूनं आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९मध्ये वेदनेची व्याख्या केली. तिच्यात ‘संवेदना’ या शब्दाच्या शेजारीच ‘भावना’ होती. २०२०मध्ये व्याख्येची दुरुस्ती झाली. दुरुस्तीत काय कापलं जातं नि काय राहतं यावर माझं पोट आहे, म्हणून मुद्दाम पाहिलं. भावना जागच्या जागी आहे.

वेळ नाही, हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. बाहेर चाळीस माणसं नंबर लावून बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून मी नैराश्य तपासायची ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली (पीएचक्यू-९) मागत नाही. तिच्यातले पहिले दोन मागते, ते वेगळे विचारायची पद्धत तुमच्याकडे आधीच आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशात रस वाटला नाही, आणि किती दिवस उदास किंवा निराश वाटलं. मिनिटभर लागत नाही. उत्तर ‘बरेच दिवस’ किंवा ‘रोज’ आलं तर पुढचं विचारा, किंवा ज्यांना विचारता येतं त्यांच्याकडे पाठवा. पण पाठवताना “तुमचं मानेचं काही नाही, त्यांना भेटा” असं नको. “मानेचं मी बघतो, झोपेचं आणि मनाचं त्या बघतील, दोन्ही बरोबर चालू ठेवू” असं म्हणा. माणूस पुन्हा येईल.

भाषेबद्दल एक धंदेवाईक सल्ला, फुकट. “आपणांस नैराश्याची भावना जाणवते का?” असं कुणालाही विचारू नका. नैराश्य हा छापील शब्द आहे, घरात तो कुणी वापरत नाही. आम्ही म्हणतो : मन रमत नाही. जीव लागत नाही. कसंतरीच होतं. हुरूप राहिला नाही. काही नकोसं वाटतं. कुणी चांगलं बोललं तरी रडू येतं. यातलं शेवटचं विचारलंत तर खोटं बोलणं जवळजवळ अशक्य आहे, कारण तेवढ्यात रडू आलेलं असतं.

तिसऱ्या दवाखान्यात माझ्या शेजारी धायरीहून आलेली एक बाई बसली होती. ब्लाउज शिवते. गणपती ते दिवाळी मशीनवरून उठायला मिळत नाही म्हणाली. मान दोन वर्षं दुखतेय, गिऱ्हाइकं तुटायला लागली. मग आवाज खाली करून म्हणाली, “ताई, दुखतं ते चालतंय हो. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही.” मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांगा ना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला न्हाव्याकडे दात दाखवायला सांगितलं. “ते हाडाचे डॉक्टर आहेत ना,” ती म्हणाली. तेवढ्यात तिचा नंबर लागला. सात मिनिटांत ती पट्टा घेऊन बाहेर आली.

सकाळी उठावंसं न वाटणं किती खोल आहे हे तिला विचारायला हवं होतं. सरकारची टेली-मानस ही मनाच्या आरोग्यासाठीची हेल्पलाइन २०२२पासून चालू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास. तुमच्या भिंतीवर मणक्यांचे तक्ते असतात, कॅल्शियमच्या जाहिराती असतात, टेबलावर प्लास्टिकचा कणा असतो. हे पाच आकडे मी चारही ठिकाणी कुठंच पाहिले नाहीत. एक ए-फोर कागद लागतो. मजकूर मी लिहून देईन, प्रूफसुद्धा तपासून देईन.

आणि भिंतींवरूनच आठवलं. मानेच्या दवाखान्यात नंबर दाखवणारा टीव्ही छताला लागून टांगायची कल्पना कुणाची? चौथ्या दवाखान्यात पहिल्या दिवशी मला तो दिसला नाही. सतरा नंबर कधी आला ते शेजारच्या रिक्षावाल्या काकांना विचारावं लागलं, आणि त्यांची मान माझ्याहून वाईट होती.

माझं सध्याचं विचाराल तर पट्टा माळ्यावर गेला. प्रुफं मी उतरत्या डेस्कवर ठेवून वाचते, वीस मिनिटांनी उठते, हनुवटी आत ओढायचा व्यायाम दिवसातून तीनदा करते. आठ महिने एका समुपदेशक बाईंकडे जात होते. घरी सुरुवातीला फक्त “फिजिओला जाते” असं सांगायचे, आता खरं सांगते. गेल्या महिन्यात त्या मुलीनं कागद पुन्हा भरून घेतला. १६. म्हणजे अजून मध्यम. पाऊस पडला की खांदा कुरकुरतो, आणि हंगामात काही रात्री अजूनही दुधाचा टेम्पो ऐकू येतो. यंदा एकवीसपैकी अकरा मोदक मी केले. उरलेले सासूबाईंनी केले, आणि माझ्या अकरांच्या कळ्या मोजल्या.

आपली,
एक मुद्रितशोधक
कोथरूड, पुणे

ता. क. : चौथ्या दवाखान्यात त्या टीव्हीच्याही वर एक पाटी आहे. तीवर ‘रुग्नांनी शांतता राखावी’ असं रंगवलंय. ‘ग्न’चं ‘ग्ण’ करून घ्या. तीन वर्षं तिथंच असणार ती, मला परवा दिसली.